आधी शिधा, मग शाल

आमच्या पिशोरात गाण्याला तोटा नाही. पहाटे काकडा असतो, संध्याकाळी हरिपाठ असतो, श्रावणात पोथी असते आणि वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताहात गाव आठ दिवस टाळ-मृदंगाच्या नादात न्हाऊन निघते. अंजना नदीच्या काठच्या मळ्यांत आले लावताना बायका ओव्या म्हणतात, त्या वेगळ्याच. पण एवढे गाणे असलेल्या गावाला एक गोष्ट अजून उमगलेली नाही. गाणे शिकावे लागते, शिकायला वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणाला तरी पोसावी लागतात. गळा ही देवाची देणगी, असे म्हणून आपण मोकळे होतो. देवाने गळा दिला हे खरे, पण एस.टी.चे भाडे देवाने कुणाला दिल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे मला सुचायचे कारण माझी धाकटी बहीण. ती तेरा वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक अभंग गायली. पाहुणे म्हणून आलेले संगीत शिक्षक शहरातले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी वडिलांना बाजूला घेतले आणि सांगितले, "मुलीला दर रविवारी माझ्याकडे पाठवा. फीचे नंतर बघू." ते 'नंतर' अजून उजाडलेले नाही. पाच वर्षे झाली. गुरुजींनी एक पैसा घेतलेला नाही.

आता रविवारचा हिशेब ऐका. पिशोरहून छत्रपती संभाजीनगर म्हणजे जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास. मुलगी एकटी कशी जाणार, म्हणून सोबत आई किंवा मी. म्हणजे दोन तिकिटे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे भाडे झाले, तेव्हापासून माझी सोबत महाग आणि आईची स्वस्त झाली. साहजिकच आई जाऊ लागली. पण आई गेली की शेतावरची तिची रविवारची मजुरी बुडते. तंबोरा नाही म्हणून मोबाईलवरचा तंबोरा लावायचा. घर दोन खोल्यांचे, पहाटे पाचला खर्ज लावला की शेजारची म्हातारी उठून बसते आणि आमची आजी म्हणते, "गाणं म्हनून पोट भरतं का गं बाई?"

आजीचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माझ्या मते शास्त्रीय संगीताच्या इतिहासात तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे. घराणी, गायकी, रागदारी यांवर ग्रंथ झाले. पण तानपुरा जुळवण्याआधी गवय्याने सकाळी काय खाल्ले आणि ते कुणी दिले, हे विचारणारे थोडे. मी गेल्या वर्षभरात मिळतील ती गायकांची चरित्रे वाचली ती हाच एक प्रश्न मनात धरून. त्यात जे हाती लागले ते आपल्या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभ घराजवळूनच करू. वेरूळ-दौलताबाद आम्हांला काही परके नाही. तेराव्या शतकात याच दौलताबादेस, म्हणजे तेव्हाच्या देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. उत्तरेतले आणि दक्षिणेतले, दोन्हीकडचे संगीतज्ञ ज्याला प्रमाण मानतात असा हा सात अध्यायांचा ग्रंथ. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले आणि यादवांच्या आश्रयाने कुटुंब स्थिरावले. स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेब खात्याचा अधिकारी होता. 'श्रीकरणाधिप' ही त्याची पदवी. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाने स्वर आणि श्रुतींचा जमाखर्च मांडला, याची मला मोठी मौज वाटते. पण मौजेपलीकडे त्यात एक अर्थ आहे. काश्मीरहून आलेल्या घराला तिसऱ्या पिढीपर्यंत चूल पेटण्याची भ्रांत नव्हती, म्हणून हा ग्रंथ झाला. आश्रय एका दिवसाचा नव्हता. तीन पिढ्यांचा होता.

यादव गेले, पुढे संस्थाने आली. दक्षिण महाराष्ट्राच्या नशिबी मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर अशी गाण्याची आवड असलेली संस्थाने होती. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आणले, आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, खाँसाहेब तिथे राहिले. जयपूर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती या सत्तावीस वर्षांच्या निश्चिंतीमुळे. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना गुरूच्या शोधात कुठे कुठे भटकावे लागले, किती हाल सोसावे लागले, ते वाचताना अंगावर काटा येतो. ते ग्वाल्हेरची गायकी घेऊन आले, आणि त्यांना इकडे आसरा मिळाला म्हणून ती पुढे शिकवता आली.

त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्म. लहानपणी फटाक्यांच्या दारूने डोळे अधू झाले आणि शाळा सुटली. पुढे काय, हा प्रश्न त्या घरातही कुणी तरी विचारलाच असणार. मिरजेच्या अधिपतींनी मुलाची राहण्या-जेवण्याची सोय केली आणि त्याला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकायला बसवले. मुलगा तेव्हा गवई झालेला नव्हता, होईल याची हमीही नव्हती. एका अधू दृष्टीच्या मुलावर संस्थानने कित्येक वर्षे खर्च केला, एवढेच. त्याचे फळ साऱ्या हिंदुस्थानला मिळाले.

पण याच चरित्रात राजाश्रयाची दुसरी बाजूही आहे. मिरजेतल्या एका समारंभाचे निमंत्रण विष्णू दिगंबरांना होते आणि त्यांच्या गुरूंना मात्र नव्हते, कारण गवई म्हणजे चाकर, असे सांगतात. शिष्याच्या मनाला ती गोष्ट लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि गाणाऱ्याला समाजात मान मिळवून द्यायचा, तोही राजाच्या नव्हे तर लोकांच्या बळावर, असा निश्चय केला. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघाले. ते जलशांच्या तिकिटांवर आणि लोकांच्या वर्गणीवर चालले. तिथे काही निवडक मुलांचा 'उपदेशक वर्ग' होता. त्यांना राहणे, जेवणे, शिक्षण सर्व मोफत. अट एवढीच की मुलाने अर्ध्यात सोडून जायचे नाही, वर्षानुवर्षे शिकायचे आणि मग शिकवायचे. विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सारी त्यांची शिष्यमंडळी.

आणि ओंकारनाथ ठाकूर! गुजरातेतल्या एका गरीब घरातला हा मुलगा लहानपणी पडेल ती कामे करी. भडोचचे शेठ शापुरजी मंचेरजी डुंगाजी या पारशी गृहस्थाने त्याचा गळा ऐकला आणि त्याला मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात पाठवले. विशीच्या उंबरठ्यावर हा मुलगा लाहोरच्या शाखेचा प्राचार्य झाला. पंडित ओंकारनाथांचे नाव आपण सर्व जण जाणतो. शेठ शापुरजींचे नाव किती जणांनी ऐकले आहे? मीही वर्षापूर्वी ऐकले नव्हते. देणारा असा असावा.

पलुस्करांच्या कार्याचा शेवट मात्र मन उदास करतो. मुंबईची इमारत कर्ज काढून बांधली होती. मुलांचे पोट भरायचे, शाळा चालवायची आणि कर्जही फेडायचे, हे गणित जुळले नाही. १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. १९३१ मध्ये मिरजेला पंडितजींचे निधन झाले. लोकाश्रय हा शब्द आपण व्याख्यानांत फार गोड उच्चारतो. तो लोकाश्रय कमी पडला तेव्हा तूट कुणी भरली? गुरूने. हे मला विसरता येत नाही. कारण आमच्या गुरुजींनी जी फी घेतली नाही, तीही कुठून तरी वजा होतेच. ती त्यांच्या घरातून जाते. त्यांच्या घरी गेल्या पावसाळ्यात छत गळत होते आणि खोलीत बादली ठेवून ते माझ्या बहिणीला भूप सांगत होते. आपण म्हणतो, 'गुरूने विनामूल्य विद्या दिली.' विनामूल्य काही नसते. मूल्य दुसऱ्याने भरलेले असते, इतकेच.

कधी ते शिष्य भरतो. भीमसेन जोशी १९३३ मध्ये अकरा वर्षांच्या वयात गदगचे घर सोडून निघाले, बिनतिकिटाचे गाडीत बसले, वाटेत गाणी म्हणून पोट भरले, ग्वाल्हेर-जालंधरपर्यंत फिरले. शेवटी घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे त्यांना हवे ते मिळाले. तिथेही पाणी भरणे आणि घरकाम होतेच. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. मला ती वाचताना वेगळाच विचार येतो. असे बिनतिकिटाचे किती निघाले असतील आणि किती जणांना तपासनिसाने मधल्याच स्टेशनावर उतरवले असेल? पोचला तो एक आपल्याला ठाऊक. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांची चरित्रे नसतात.

कधी ते मूल्य आई भरते. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात, त्याच सवाई गंधर्वांकडे. रविवारच्या एस.टी.त मला त्यांची आठवण हमखास येते. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात असत. मुलगी हिंदुस्थानी गाणे शिकू लागली तेव्हा तिच्या गळ्यावर आपल्या गाण्याची छाप पडू नये म्हणून त्या माउलीने स्वतःचे गाणे बंद केले. हे कोणत्या देणगीच्या पावतीवर लिहावे? माझी आई गात नाही. पण पाच वर्षांचे रविवार तिने दिले आहेत.

हे सारे आपल्याकडचेच आहे असे नाही. पाश्चात्त्यांचा ऑपेरा म्हणजे गाऊन केलेले नाटक. आमच्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊबंद समजावा, फक्त तिथे संवादही बहुधा गाण्यातच. या ऑपेराचा सम्राट जुझेप्पे व्हेर्दी हा १८१३ मध्ये इटलीतल्या एका खेड्यात खानावळवाल्याच्या घरी जन्मला. शेजारच्या बुसेतो गावी आंतोनियो बारेत्सी नावाचे किराणा मालाचे व्यापारी होते. ते हौशी वादक आणि गावच्या संगीत मंडळाचे प्रमुख. त्यांनी मुलाला घरी ठेवून घेतले. १८३२ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. वय जास्त आणि पियानोवर हात ठेवण्याची रीत चुकीची. गावच्या एका धर्मादाय संस्थेने शिष्यवृत्ती मंजूर केली होती, पण ती हाती पडायला अवकाश होता. तोवर बारेत्सींनी पदरचे पैसे घालून खाजगी शिक्षणाची व्यवस्था केली. पंधरा वर्षांनी, १८४७ मध्ये, व्हेर्दीने आपला 'मॅकबेथ' बारेत्सींना अर्पण केला. म्हातारपणी त्याने मिलानला वृद्ध गायक-वादकांसाठी घर बांधले आणि आपल्या रचनांचे उत्पन्न त्याला लावून दिले. अलीकडच्या काळात त्या घरात संगीताचे तरुण विद्यार्थीही राहतात. ज्याचे पहिले बिल किराणा दुकानदाराने भरले, त्याच्या घरात आज नव्या मुलांची चूल पेटते.

बारेत्सींची कथा वाचून मी हसलो, कारण आमच्या पिशोरच्या पेठेतही एक शेठ आहेत. किराणा दुकान आणि भजनी मंडळात पेटी! बहिणीच्या रियाझाने शेजारी वैतागले तेव्हा त्यांनी दुकानामागच्या गोदामाची किल्ली आईच्या हातावर ठेवली. म्हणाले, "पहाटे पाच ते सात पोती झोपलेलीच असतात, वहिनी. त्यांची झोपमोड होत नाही." तेव्हापासून माझी बहीण साखरेच्या आणि सरकीच्या पोत्यांमध्ये बसून रियाझ करते. शेठनी ही गोष्ट चारचौघांत कधी काढली नाही. मी त्यांना विचारले की ह्यात तुमचा फायदा काय. ते म्हणाले, "उंदीर कमी झाले." यापुढे मी काय बोलणार!

उलट अनुभवही आहेत. बहिणीला शाळा-कॉलेजच्या आणि इतर स्पर्धांतून मिळालेली सहा स्मृतिचिन्हे घरात आहेत. चार शाली आहेत. नारळ किती फुटले त्याची गणती नाही. एका कार्यक्रमात तर तिला 'मराठवाड्याची गानकोकिळा' म्हणून हार घातला, प्रमुख पाहुण्यांसमवेत तीन वेळा फोटो काढले, आणि परतीची शेवटची बस चुकल्यावर आम्ही दोघे स्टँडवर पहाटेपर्यंत बसलो. माझा कोणावर राग नाही. सत्कार करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु घरात सहा स्मृतिचिन्हे आणि तंबोरा एकही नाही, ह्या परिस्थितीला काय म्हणावे? मिरजेच्या कारागिरांच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची बातमी मी वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. ते उठून गोठ्याकडे गेले.

वडील शेतकरी आहेत. अद्रक आणि मका ही आमची पिके. त्यांच्याच बोलण्यातून मला ह्या विषयाचे मर्म सापडले. ते एकदा म्हणाले, "पीककर्ज लागवडीच्या आधी देतात. काढणी झाल्यावर कोणी दिलं तर ते कर्ज नाही, आहेर." किती खरे! आले वैशाखात लावावे तेव्हा कुठे आठ-नऊ महिन्यांनी काढणीला येते. तोवर बेणे, शेणखत, ठिबक, औषधे, सगळा खर्च आधी. मातीखाली काय चालले आहे ते दिसत नाही. कंदकूज लागली तर सारे गेले. तरीही बेणे घातल्यावाचून पीक नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. गाणे हेही जमिनीखालचे पीक आहे. पहिली आठ-दहा वर्षे वर काही दिसत नाही. आपला समाज मात्र काढणीच्या दिवशी हार घेऊन बांधावर उभा राहतो.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. महाराष्ट्र शासनाने पं. भीमसेन जोशी यांच्या नावाने युवा शिष्यवृत्ती ठेवली आहे. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, १० ते १४ वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी शिष्यवृत्ती १९८२ पासून चालू आहे. कोलकात्याला १९७७ मध्ये निघालेल्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत तर गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात, शिष्याला विद्यावेतन मिळते. कैलासवासी राशिद खाँ तिथेच घडले आणि आपले पं. उल्हास कशाळकर तिथे गुरू म्हणून राहिले. मुंबईत पाश्चात्त्य गायनासाठीही प्रयत्न झाले आहेत. मुंबईत जन्मून लंडनला नावारूपाला आलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांनी भारतात परत येऊन इथल्या तरुण गळ्यांना ऑपेराचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. आपल्या शहरातही १९९६ पासून महागामी हे नृत्याचे गुरुकुल आहे, आणि नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर यांनी २०२१ मध्ये देह ठेवीपर्यंत मराठवाड्याच्या कैक पिढ्यांना गाते केले.

तेव्हा दारे आहेत. पण पिशोरहून त्या दारापर्यंतची वाट कशी आहे पाहा. सीसीआरटीची माहिती आमच्या घरी पोचली तेव्हा बहिणीला पंधरावे सरून गेले होते. मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीसाठी गुरूकडे किमान ५ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. अट रास्तच आहे. उगाच कोणाही हौशीला पैसे कसे द्यावेत? परंतु ती पहिली पाच वर्षे कोणी द्यायची, ह्याचे उत्तर अर्जात नाही. आमच्या बाबतीत ती गुरुजींनी, आईने, शेठच्या गोदामाने आणि एस.टी.ने मिळून दिली. मिळालेली रक्कमही सहा-सहा महिन्यांच्या हप्त्याने येते. भाडे मात्र दर रविवारी लागते. बुसेतोच्या व्यापाऱ्याने मधली फट पदरच्या पैशांनी बुजवली होती. प्रत्येक शिष्यवृत्तीच्या अलीकडे अशी एक फट असते, आणि गावातली मुले त्या फटीत पडतात.

"सगळेच भीमसेन होणार आहेत का?" असे आमच्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ विचारतात. नाही होणार. बेण्याची प्रत्येक कुडी तरी कुठे उगवते? परंतु जो भीमसेन होत नाही तो वाया जातो, हा समज चुकीचा. पलुस्करांच्या विद्यालयांतून जे शेकडो बाहेर पडले ते सारेच ओंकारनाथ झाले नाहीत. त्यांनी गावोगाव शाळांतून, घराघरांतून शिकवण्या केल्या, पेटीच्या साथी केल्या, श्रोते घडवले. तानसेन झाले नाहीत ते कानसेन झाले. त्यांतल्याच कुणाच्या तरी शिष्याच्या शिष्याने आमच्या शाळेच्या गॅदरिंगला येऊन एका खेड्यातल्या मुलीचा गळा ओळखला. ह्याला वाया जाणे म्हणत असतील तर आपण सर्वांनी थोडे थोडे वाया जावे.

शिवाय, आश्रय देणे ही गोष्ट आमच्या गावाला अपरिचित आहे असेही नाही. माझा चुलतभाऊ आळंदीला मृदंग शिकायला गेला. जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेपासून तिथे ही परंपराच पडली आहे. मुलाने चार वर्षे शिकावे आणि आळंदीने माधुकरी घालावी. तो निघाला तेव्हा आजीने "पोट भरतं का?" असे विचारले नाही. तिला ठाऊक होते, विठोबाच्या दारी वाजवणारा उपाशी राहत नाही. आज तो सप्ताहांतून वाजवतो, आणि ज्या गावी जातो तिथे कोणाच्या तरी घरी त्याचे पान वाढलेले असते. सप्ताहाची वर्गणी आमच्या गावात दारोदार फिरून गोळा होते. कोणी गव्हाचे पोते देतो, कोणी तेलाचा डबा, कोणी एका दिवसाची पंगत उचलतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो वाढायला उभा राहतो. पावती नसते, फलक नसतो. ही माझ्या मते कोणत्याही अकादमीहून कमी प्रतीची व्यवस्था नाही. तिच्यात एवढेच कमी आहे की ती मृदंग शिकणाऱ्या मुलापर्यंत येऊन थांबते. ख्याल शिकणाऱ्या मुलीपर्यंत पोचत नाही.

मुलगी म्हटले की फट आणखी रुंदावते, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. मुलगा आळंदीला राहू शकतो, देवळात निजू शकतो, वेळ पडली तर बिनतिकिटाचा निघू शकतो. मुलीला सोबत लागते, सुरक्षित छप्पर लागते, आणि सर्वांत दुर्मिळ म्हणजे वेळ लागतो. अठरावे लागल्यापासून आमच्याकडे पाहुणे येऊन जाऊ लागले आहेत. गेल्या हंगामात अद्रकाला भाव मिळाला नाही आणि वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे. "गाणं सासरी जाऊन म्हणेल," असे पाहुणे हसत म्हणतात. बहीण चहाचा ट्रे ठेवून आत जाते. ह्या वर्षी तिची पाच वर्षे पूर्ण झाली म्हणून मंत्रालयाचा अर्ज भरला आहे. निवड झाली तर घरात दोन वर्षे बोलायला एक आधार होईल. झाली नाही तर काय, हे मला ह्या घडीला सांगता येत नाही. पैशापेक्षाही ह्या शिष्यवृत्तीचे मोल असे की कुणी तरी कागदावर लिहून देते: ही मुलगी जे करते आहे ते काम आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे दोन लहान सूचना ठेवतो. मोठ्या अकादम्या आपल्याला काढता येणार नाहीत. पण ग्रंथालयातून जसे पुस्तक घरी न्यायला मिळते, तसा आपल्या महाविद्यालयातून तंबोरा मिळाला तर? एक तंबोरा, एक तबल्याची जोडी, एक पेटी. नोंदवही ठेवावी, सहीने द्यावी, सहीने घ्यावी. दरवर्षी स्नेहसंमेलनात हार, शाली आणि स्मृतिचिन्हांवर जो खर्च होतो त्यातला निम्मा दोन वर्षे बाजूला ठेवला तरी सुरुवात होईल. मी विद्यार्थी प्रतिनिधींशी बोललो आहे. चौघे तयार आहेत, एक जण म्हणतो फोटोत तंबोरा चांगला दिसेल. त्यालाही घेऊ.

दुसरी सूचना गावासाठी. सप्ताहाच्या वर्गणीतली एका पंगतीची रक्कम दरवर्षी गावातल्या एखाद्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलामुलीच्या प्रवासखर्चाला द्यावी. ती वाजतगाजत देऊ नये. शेठच्या किल्लीसारखी हळूच हातावर ठेवावी. मुलाने मोठे झाल्यावर काय करावे ह्याची अट घालू नये. फार तर एवढे सांगावे की, पुढच्या सप्ताहात एक अभंग म्हण.

ह्या अंकाच्या शेवटच्या पानावर दरवर्षी यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात. ती जरूर यावीत. पण ज्यांचे छायाचित्र अजून कुठेच आलेले नाही, असे दोन-तीन गळे आपल्याच वर्गांत पाठीमागच्या बाकांवर बसलेले आहेत. त्यांना शाल नंतर देऊ. आधी शिधा देऊ.

(तृतीय वर्ष, कला)